बारावीचा निकाल लागायच्या आधी आईने उरकायची कामं



दिवाळी सरली. आपल्या घरातल्या बारावीच्या पोरांना आता सराव परीक्षा आणि प्रॅक्टिकलचे वेध लागलेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होईल आणि मे महिन्यात निकाल लागेल. पुढचं काय, असं विचारलं की घराघरात एकच उत्तर ऐकू येतं, "निकाल तर लागू दे, मग बघू."

हे 'मग बघू' फार महागात पडतं. निकाल लागला की प्रवेशाच्या तारखा धावायला लागतात. त्याच दिवसांत सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो, आणि वडिलांचा शाळेचा दाखला शोधायला कुणीतरी गावाकडं पळतं. पोरीला साठ-सत्तर टक्के पडलेले असतात, पण एक कागद नसतो. तारीख निघून जाते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे यंदा, घरात थांबू दे." ते एक वर्ष थांबणं बऱ्याचदा कायमचं होऊन बसतं.

म्हणून या लेखात एवढंच सांगायचं आहे: बारावीनंतर पोरीची वाट अडते ती पुष्कळदा मार्कांमुळे नाही, तर कागद आणि तारखेमुळे. आणि कागद-तारखा सांभाळणं हे काम आपल्याला चांगलं जमतं. गटाचं इतिवृत्त, बचतीचं रजिस्टर, कर्जखातं, बँकेचं पासबुक आपण वर्षानुवर्षं सांभाळतोच की! त्यासाठी आपण स्वतः कॉलेजात गेलेलं असायला हवं असं काही नाही.

मुलगा असो की मुलगी, कामं सारखीच आहेत. पण मुलीच्या बाबतीत उशिराला माफी कमी मिळते, म्हणून इथं लेकीचं नाव जास्त येईल.

आधी लेकीशी बोला

पहिलं काम फुकटचं आहे. एक संध्याकाळ काढा आणि तिला विचारा, "तुला पुढं काय करायचंय?" तिला लगेच सांगता आलं नाही तर रागवू नका. तिला वाटाच माहीत नसतील. मोठ्या वाटा अशा आहेत:

• बीए, बीकॉम, बीएस्सी. जवळच्या कॉलेजात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी मिळते. अडचण आली आणि मध्येच थांबावं लागलं तरी ठरलेले श्रेयांक पूर्ण केले असतील तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. पुढं परत येऊन शिकता येतं.

• इंजिनिअरिंग, बी. फार्मसी, बीएस्सी कृषी. यांना राज्याची एमएचटी-सीईटी द्यावी लागते.

• डॉक्टरकी, म्हणजे एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी. यांना नीट परीक्षा लागते.

• नर्सिंग. बीएस्सी नर्सिंगला विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा लागते. एएनएम हा दोन वर्षांचा आणि जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आर्ट्सच्या मुलींनाही ही वाट बंद नाही.

• डी.एल.एड., म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणायचो ते.

• आयटीआय आणि पॉलिटेक्निक. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

• मुक्त विद्यापीठ. घर किंवा काम सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

यातलं कुठलं पक्कं करायचं ते आज ठरलं नाही तरी चालेल. पण सीईटी किंवा नीट द्यायची की नाही, एवढं मात्र आत्ताच ठरायला हवं. कारण या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधी किंवा त्याच धांदलीत भरले जातात आणि परीक्षा एप्रिल-मे महिन्यात होतात. म्हणजे फॉर्मची तारीख जाते तेव्हा निकाल लागलेलाही नसतो. निकालात चांगले मार्क पडले म्हणून मग सीईटी देता येत नाही. मनात शंका असेल तरी फॉर्म भरून ठेवलेला बरा. बीबीए, बीसीए करायचं असेल तर कॉलेजात आधी विचारा, कारण २०२४ पासून यातल्या बऱ्याच कॉलेजांच्या प्रवेशाला वेगळी सीईटी लागते.

लेकीला एक सांगून ठेवा: एमएचटी-सीईटीमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

कागदांची पिशवी

एक जाड प्लास्टिकची पिशवी किंवा फाइल घ्या. वर लेकीचं नाव लिहा. ती पेटीत, पत्र्याच्या डब्यात, कुठंही ठेवा, पण जागा एकच ठेवा. तिच्यात काय हवं ते बघू.

सगळ्यांना लागणारे: दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला म्हणजे डोमिसाइल. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो. त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण माणूस तोच.)

आरक्षणात येणाऱ्यांना लागणारे: जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, एसईबीसी असाल तर नॉन-क्रीमिलेअर. नॉन-क्रीमिलेअरवर मुदत लिहिलेली असते. ती नीट वाचा. प्रवेशाच्या वर्षात मुदत संपत असेल तर नवीन काढा.

खुल्या गटातल्यांना: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला. गरीब असूनही केवळ माहिती नाही म्हणून हा दाखला न काढणारी घरं पुष्कळ आहेत.

यातला सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी. एक लक्षात घ्या, मुलीची जात वडिलांच्या बाजूने धरली जाते. त्यामुळे कागदही वडील, चुलते, आत्या, आजोबा, पणजोबा यांचे लागतात. जुना पुरावा कधीपर्यंतचा हवा, हे प्रवर्गानुसार ठरलेलं आहे:

• अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५०
• अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५०
• विमुक्त जाती व भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१
• इतर मागास आणि विशेष मागास वर्ग: १३ ऑक्टोबर १९६७

या तारखेच्या आधीचा घराण्यातला पुरावा शोधायचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून मिळतो. शाळेत गेले नसतील तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, महसुली कागद, जुनं खरेदीखत यात नोंद सापडू शकते. चुलतभावाला किंवा आत्याला आधी व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा. काम बरंच सोपं होतं.

व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. खरं तर हा अर्ज अकरावीतच करायचा असतो. राहिला असेल तर याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जा. अर्जाची पावती जपून ठेवा. कधीकधी पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर आरक्षणातली जागा हातची जाते.

एकट्या राहणाऱ्या, नवऱ्याने सोडलेल्या तायांना इथंच जास्त त्रास होतो. सासरचे लोक कागद देत नाहीत. अशा वेळी भांडत बसू नका. नवरा किंवा सासरे ज्या शाळेत शिकले त्या शाळेत मुलीच्या नावाने अर्ज करा आणि उतारा मागा. एकटीला जायला जड वाटत असेल तर गटातल्या दोघीजणी सोबत जा. प्रभागसंघाच्या ताईंनाही घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या तायांसाठी अजून एक. तुम्ही चैताच्या तोंडावर परत याल तेव्हा परीक्षा संपलेली असेल आणि सीईटी दारात असेल. मागे आजीजवळ राहिलेल्या पोरीकडे फोन करून पिशवीत काय आहे, काय नाही ते विचारा. सही लागणारे कागद असतील तर गावातल्या गटाला कळवा.

नावातली एक मात्रा

आधारवर 'सुनिता', दाखल्यावर 'सुनीता'. रेशन कार्डावर 'बापूराव', शाळेत 'बाबुराव'. आपल्याला ते एकच वाटतं. संगणकाला वाटत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज अशा फरकावर अडकतात.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि तिच्यावरचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख वाचा. हो, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नावही छापलेलं असतं. आता आधार, रेशन कार्ड, पासबुक, दाखले एकेक करून तिच्याशी ताडून बघा. आधारमधली चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते. शाळेच्या नोंदीतली चूक मात्र मूल त्या शाळेत किंवा कॉलेजात शिकत असेपर्यंतच सहज दुरुस्त होते. एकदा दाखला हातात घेऊन बाहेर पडलं की फार हेलपाटे पडतात. म्हणून हे काम बारावी संपायच्या आत करा.

कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला एकदाच मिळतो. तो पुढच्या कॉलेजात जमा होतो. देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून पिशवीत ठेवा.

दाखला अडला तर काय करायचं?

'साहेब नाहीत', 'पुढच्या आठवड्यात या' हे आपल्याला नवीन नाही. पण महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं आहे आणि ते कार्यालयात व सेवा केंद्रावर फलकावर लावलेलं असायला हवं. अर्ज केल्यावर पावती घ्याच. पावती नसेल तर अर्ज केलाच नाही असं धरा. मुदत उलटली किंवा कारण न देता अर्ज नाकारला तर पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील करता येतं.

सेवा केंद्राचं ठरलेलं शुल्कही फलकावर असतं. त्याच्या वर पैसे मागितले तर पावती मागा. बऱ्याचदा पावती म्हटलं की आकडा खाली येतो. आणि शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. शंभर-पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा असं कुणी म्हटलं तर आधी तहसील कार्यालयात विचारा.

परीक्षेचे दिवस आणि घरातली कामं

बारावीची परीक्षा नेमकी हरभरा-गव्हाच्या काढणीत आणि लगीनसराईत येते. त्या महिन्यात घरात हात कमी पडतात आणि पहिली हाक लेकीला जाते. धाकटी भावंडं, गुरं, पाणी, भाकरी सगळं तिच्याकडे येतं. परीक्षेआधीचा महिना आणि परीक्षेचे दिवस तिची कामं घरात वाटून घ्या. मुलगा असला की आपण हे न सांगता करतो, मग मुलीसाठीही करूया.

हॉल तिकीट मिळालं की त्यावरचे विषय, माध्यम आणि केंद्र तपासा. चूक असेल तर त्याच दिवशी कॉलेजला सांगा. सकाळचा पेपर अकराला असतो, पण मुलांनी साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं. एसटीची वेळ आधी एकदा बघून ठेवा. गावातल्या चार-पाच मुलींचं केंद्र एकच असेल तर सगळ्यांनी मिळून गाडी ठरवा.

निकाल मनासारखा आला नाही तर

एखाद्या विषयात मार्क अनपेक्षित कमी वाटले तर गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकन मागता येतं. अर्जाला निकालानंतर साधारण दोन आठवडेच असतात.

नापास झाली तर जुलैच्या आगेमागे पुरवणी परीक्षा होते. फक्त राहिलेले विषय द्यायचे असतात. पास झालेल्या मुलांना मार्क वाढवायचे असतील तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं. मधे वर्ष गेलं तरी खंडाचं प्रतिज्ञापत्र देऊन पुढे प्रवेश घेता येतो.

निकालाच्या दिवशी लेकीला एकटं सोडू नका. शेजारच्या पोरीचे टक्के त्या दिवशी काढू नका. आणि "आता लग्नाचं बघू" हे वाक्य कुणी काढलं तर आईने तिथंच थांबवायचं. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण अठरा पूर्ण झाली म्हणजे लगेच लग्न केलं पाहिजे, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

प्रवेशाचा अर्ज भरताना

सीईटीच्या अभ्यासक्रमांचे प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांनी होतात. त्याला कॅप म्हणतात. आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग जागावाटप असं एकामागून एक चालतं. प्रत्येक टप्प्याला थोडेच दिवस असतात. यात चार गोष्टी सांभाळा.

एक: अर्जात मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. कॅफेवाला घाईत त्याचा टाकतो आणि मग पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या हातात राहतात. नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. लेकीला फोनची गरज असेल तेव्हा घरातला फोन तिच्या हातात असू द्या. ओटीपी दहा मिनिटांत जुना होतो आणि फोन वडिलांसोबत रानात असतो, असं नको.

दोन: लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून पिशवीत ठेवा. अर्जाची छापील प्रतही ठेवा.

तीन: पसंतीक्रम मनापासून भरा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच पक्कं धरलं जातं. म्हणून जिथं खरंच पाठवायचं आहे, तेच वर लिहा. नाव मोठं आहे म्हणून लांबचं कॉलेज वर टाकून नंतर "एवढ्या लांब नको" म्हणालात तर पोरीची संधी जाईल. हे बोलणं वडिलांशी आणि सासूबाईंशी फॉर्म भरायच्या आधी करून घ्या.

चार: एजंटच्या नादी लागू नका. "ॲडमिशन करून देतो, ओरिजिनल कागद आणि दहा हजार द्या" म्हणणाऱ्याच्या हातात मूळ कागद द्यायचे नाहीत. नर्सिंगच्या नावाखाली बिनमान्यतेचे कोर्स पुष्कळ चालतात. पैसे भरण्याआधी ती संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते बघा. बाकीच्या पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, तीही बघून घ्या. कॉलेजने मूळ गुणपत्रिका अडवून ठेवू नयेत आणि वेळेत प्रवेश रद्द केला तर ठरलेल्या नियमाने फी परत करावी, असंही आयोगाने सांगितलेलं आहे.

पैशाचं काय?

शिक्षणाचा खर्च म्हटला की आपण दागिन्याकडे बघतो. आधी हे बघा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपच्या फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला, अभिमत विद्यापीठांना आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. एजंट कॅप सोडून थेट प्रवेश देऊ लागला तर लेकीची फीमाफी जाते, हे लक्षात ठेवा. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. जेवण, खोली, पुस्तकं, बस यांचा खर्च आपल्याला धरावा लागतो.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर फीमाफीची वेगळी योजना आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि ते दरवर्षी भरावे लागतात. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. अर्ज भरल्यावर तो आधी कॉलेजकडे जातो. कॉलेजने पुढे पाठवला नाही तर तिथंच पडून राहतो. म्हणून महिन्याने लेकीला अर्जाची स्थिती बघायला सांगा.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. लेकीचं खातं स्वतःचं हवं, चालू हवं आणि आधारशी जोडलेलं हवं. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्याला आधार जोडलं तिथं पैसे जातात. पैसे आले नाहीत अशा तक्रारींत हे आधी बघा.

राहण्यासाठी समाज कल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम्, ओबीसी व भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नोंदणीकृत मजूर आणि लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवान बाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत. आपल्याला कुठली लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात आणि समाज कल्याण कार्यालयात विचारा.

आता एसटी. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट असतो. बारावी झाली की तो बंद होतो, आणि कित्येक मुलींचं कॉलेज तिथंच सुटतं. पण कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांशच भाडं पडतं. बायकांच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही ते स्वस्त आहे. प्रवेश झाला की कॉलेजचं पत्र घेऊन आगारात पास काढा.

तरीही पहिल्या महिन्यात हातात रोकड लागतेच. समजा १०,००० रुपये लागले आणि दरमहा १,००० मुद्दल फेडून दहा महिन्यांत संपवायचे ठरवले. गटाचं व्याज शेकडा १ रुपया असेल तर एकूण व्याज ५५० रुपये होतं. शेकडा २ असेल तर १,१०० होतं. सावकाराने शेकडा ५ लावलं आणि मुद्दल शेवटी एकरकमी मागितलं तर व्याजच ५,००० रुपये होतं. अंतर्गत कर्ज मागताना 'घरखर्च' असं मोघम न लिहिता 'मुलीचा प्रवेश' असं लिहा. मोठ्या खर्चाला बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हप्ते शिक्षण संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होतात, आणि सहकर्जदार म्हणून आईही सही करू शकते.

गटाने काय करायचं

उमेदच्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहेच. ते प्रत्यक्षात आणायला पुढच्या बैठकीत वीस मिनिटं द्या. गटात कोणाकोणाची मुलं बारावीला आहेत ते विचारा आणि प्रत्येकीच्या पिशवीत काय नाही ते लिहून घ्या. गावातली एखादी कॉलेजात शिकणारी मुलगी बोलवा, तिला फॉर्म कसा भरायचा ते ठाऊक असतं. दोघी-तिघींचं तहसीलचं काम एकाच दिवशी करा, गाडीभाडं वाटलं जाईल. इतिवृत्तात असा ठराव लिहिता येईल:

"आजच्या बैठकीत ठरले की, गटातील बारावीच्या मुला-मुलींची कागदपत्रे जानेवारीअखेर पूर्ण करण्यात यावीत. ज्या सदस्यांना अडचण आहे त्यांच्यासोबत दोन सदस्यांनी कार्यालयात जावे. प्रवेशासाठी मागितलेल्या अंतर्गत कर्जाला मे ते ऑगस्ट या काळात प्राधान्य देण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर."

ग्रामसंघाच्या बैठकीतही हा विषय ठेवा, म्हणजे जे कुटुंब कुठल्याच गटात नाही त्यांच्या मुलीही सुटणार नाहीत.

तर सख्यांनो, आज घरी गेल्यावर एवढं करा: पिशवी काढा, दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा, आणि लेकीला शेजारी बसवून कागद एकेक मोजा. जो नाही त्याचं नाव वहीत लिहा आणि त्यापुढे तारीख टाका. पुढच्या बैठकीला ती वही सोबत आणा.